दिल्लीला चेहरा नाही म्हणणाऱ्यांस

परप्रांतात नोकरीस असलेल्या मराठी माणसांची बैठक भरली, की चहाच्या दुसऱ्या पेल्याबरोबर एक वाक्य हमखास येते : "दिल्ली हे काही शहर नव्हे हो, ते एक मोठे ऑफिस आहे." गेल्या गणेशोत्सवाच्या तयारीसाठी आमच्या मंडळाची सभा भरली होती, तीतही ते आले. बोलणारे गृहस्थ वडीलधारे, पदाने माझ्याहून पुष्कळ वरचे आणि सेवेची तीस वर्षे ह्याच शहरात काढलेले. ते पुढे म्हणाले, "मुंबईला चाळ आहे, पुण्याला वाडा आहे, कोल्हापूरला तालीम आहे. इथे काय आहे? रस्ते आणि गोल चक्करे! ह्या शहराला चेहराच नाही." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. परत येताना मेट्रोच्या गर्दीत उभा असता मात्र त्या डोलावलेल्या मानेची मला लाज वाटू लागली. प्रस्तुत लेख हे तिचेच प्रायश्चित्त आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी केंद्र सरकारचा एक साधा लिपिक आहे. आमचे आचरण-नियम १९६४ चे आहेत. त्यांत सरकारी धोरणावर टीका करण्यास मज्जाव आहे, आणि साहित्यविषयक लेखनास थोडी मोकळीक आहे. हे लेखन साहित्यात मोडते की नाही, ते संपादकांनी ठरवावे. सरकारवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. माझी तक्रार तुमच्याआमच्याविरुद्ध आहे, आणि तिला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

प्रथम हे विचारू, की चेहरा नाही तो कोणत्या दिल्लीला? शहाजहानने १६३९ साली किल्ल्याचा पाया घातला आणि यमुनेकाठी जे शहर वसवले, त्याला तर नक्कीच नव्हे. चांदनी चौकाच्या मागे शिरावे. एका दरवाजातून आत गेले की मध्ये अंगण, भोवती दुकाने, वर बिऱ्हाडे, जिन्यावर मुले आणि कठड्यावर वाळत घातलेली धुणी. ह्याला तिथे कटरा म्हणतात. गिरगावातल्या माणसाला तिथे नेऊन उभे केले, तर तो पाण्याच्या नळाची वेळ विचारील. पण आमच्यापैकी किती जण पराठे आणि जिलबी ह्यांच्या पलीकडे त्या गल्लीत गेले आहेत? ते असो. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन तालकटोऱ्यास उतरला, आणि पुढे महादजी शिंद्यांचा अंमल ह्या शहरावर बसला, हे आपण भाषणांतून आवेशाने सांगतो. तो अंमल सप्टेंबर १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत संपला. आज त्याच पटपडगंजात सोसायट्यांची रांगच्या रांग उभी आहे. तीत मराठी कुटुंबेही राहतात. त्यांतील दोघांना मी त्या लढाईविषयी विचारले. एकाने मला तिथल्या फ्लॅटचा भाव सांगितला.

आता नवी दिल्ली. तिच्याविषयीच्या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. डिसेंबर १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून हलवल्याचे जाहीर केले, आणि १९३१ मध्ये ह्या नगरीचे उद्घाटन झाले. मधल्या वीस वर्षांत ल्युटेन्स आणि बेकर ह्यांनी जे उभारले, त्यात सौंदर्य आहे. पण ते सौंदर्य हुद्देवार वाटलेले आहे. टेकडीवर व्हाइसरॉयचे घर, पायथ्याच्या बाजूला बंगले, बंगल्यांचेही आकार पदाप्रमाणे, आणि हिंदी कारकुनांची घरे वायव्येच्या टोकाला, गोल मार्केटच्या अंगाला. टेकडीपासूनचे अंतर मोजले की माणसाचा पगार कळावा, अशी ती रचना. जगातल्या पुष्कळ राजधान्यांत श्रीमंत आणि गरीब निराळे राहतात. परंतु एकाच कचेरीत, एकाच फायलीवर सह्या करणाऱ्या माणसांची घरे कंपासने वर्तुळे आखून अशी दूर दूर ठेवण्याचा प्रकार विरळा. गोल मार्केटच्या परिसरातील सरकारी घरांना वाटपाच्या कागदांत अजूनही 'डीआयझेड' म्हणतात. ह्या तीन अक्षरांचा विस्तार 'दिल्ली इम्पीरियल झोन' असा आहे. साम्राज्य १९४७ साली गेले, पण त्याची आद्याक्षरे अर्जाच्या नमुन्यात सुखाने नांदत आहेत.

आणि तरीही, ह्याच मुलखात एक निराळी गोष्ट घडली. तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे.

फाळणीनंतर ह्या शहरावर माणसांचा लोट आला. १९४१ साली दिल्लीची वस्ती सव्वानऊ लाखांच्या आत होती. १९५१ साली ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. निर्वासितांना घरे हवी होती, आणि नव्या राज्याच्या कचेऱ्यांत भरलेल्या कारकुनांनाही हवी होती. त्या काळात, १९४७ पासून १९५२ पर्यंत, केंद्रात बांधकाम खाते सांभाळणारे मंत्री आपले काकासाहेब गाडगीळ होते, हे किती मराठी अधिकाऱ्यांना आठवते? विनयनगर ही त्याच सुमाराच्या निकडीतून उभी राहिलेली वस्ती. तिच्याच भागांना पुढे सरोजिनीनगर वगैरे नावे मिळाली. नावे मोठ्या स्त्रीपुरुषांची, आणि घरे अगदी लहान माणसांची.

ती घरे कशी होती? सांगण्यासारखे काहीच नाही, इतकी साधी. पिवळसर चुन्याची, दुमजली, मध्ये मोकळे मैदान ठेवून तीन-चार बाजूंनी मांडलेली. खालच्याला पुढे हातभर बाग, वरच्याला गच्ची. मी २०१३ साली सेवेत रुजू झालो, साडेतीन वर्षे लक्ष्मीनगरात एका खोलीत तिघांबरोबर काढली, आणि मग सरोजिनीनगरात मला वरच्या मजल्यावरचे एक घर मिळाले. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल होती. पावसाळ्यात दार फुगून बसे ते दिवाळीपर्यंत लागत नसे. पण डिसेंबर उजाडला, आणि त्या घरांची खरी योजना माझ्या ध्यानात आली. थंडीच्या दिवसांत दुपारचे ऊन नेमके त्या मधल्या मैदानावर येई. अकराच्या सुमारास खाटा बाहेर निघत. खालच्या गढवाली आजी मटार सोलायला बसत, शेजारच्या मल्याळी बाई केस वाळवीत, माझी पत्नी तान्ह्या मुलीला तेल लावायला तिथेच घेऊन जाई. भुईमुगाच्या शेंगांची टरफले सर्वांच्या पायांखाली. मुलगी पहिली पावले टाकायला शिकली ती ह्या टरफलांवर, आणि तिचा पहिला स्पष्ट शब्द 'आई' नसून 'धूप' हा होता, ह्याचे घरी आम्हांला काही दिवस वाईट वाटले.

जिन्याखाली इस्त्रीवाल्याचे टेबल असे. कोळशाची इस्त्री आणि वर कडुनिंब. कोणाची बदली झाली, कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या घरी दोन दिवसांत कपडे आले नाहीत म्हणजे काही बिनसले आहे, हे त्याला प्रथम कळे. एकदा मला ताप भरला असता पत्नी माहेरी होती. तिसऱ्या दिवशी वर येऊन दार वाजवले ते त्यानेच. "बाबूजी, कमीज नहीं आई," एवढेच त्याने विचारले. वाड्याचे आणि चाळीचे जे गुण आपण गातो, त्यांतला कोणता गुण इथे उणा होता? मला तर एक गुण अधिकच दिसतो. वाड्यात आपलीच जात आणि चाळीत बहुधा आपलाच तालुका असे. इथे गढवाल, केरळ, बंगाल आणि सातारा जिल्हा एकाच नळाचे पाणी पीत होते, आणि ही माणसे एकत्र आणली होती ती वाटपाच्या प्रतीक्षायादीने, म्हणजे शुद्ध योगायोगाने.

ह्याला चेहरा म्हणत नाहीत, तर कशाला म्हणतात?

पण आपण तो पाहिला नाही, कारण आपले डोळे दुसऱ्याच गोष्टीवर होते. ती गोष्ट म्हणजे 'टाइप'. पगाराची पातळी दोन ते पाच असेल तर टाइप दोन, सहा ते आठ असेल तर टाइप तीन, अशी ही शिडी आठापर्यंत चढत जाते. घर मोठे हवेसे वाटणे हा गुन्हा नव्हे. पण आपण ह्या आकड्याचे काय केले, ते पाहा. मंडळाच्या हळदीकुंकवात नवी बाई आली, की तिचे माहेर विचारण्याआधी वसाहत विचारतात, आणि वसाहतीवरून टाइप ओळखतात. मग पान-सुपारीचे तबक ज्या क्रमाने फिरते तो क्रम पंचांगात सापडणार नाही. स्थळे पाहतानासुद्धा "वडील टाइप पाचमध्ये आहेत" हे वाक्य मी कानांनी ऐकले आहे. जातिभेदावर घणाघाती भाषणे करणारे आमचे एक स्नेही खालच्या टाइपच्या मैदानात मुलाला खेळायला पाठवीत नसत. ल्युटेन्सने अंतर आखले, आपण त्याचे सोवळे केले. साहेबाच्या नगररचनेवर बोट ठेवताना हे विसरून चालणार नाही.

ह्याचा परिणाम काय झाला, ते सांगतो. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, कस्तुरबानगर, त्यागराजनगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर. असलेली १२,९७० घरे जाऊन त्या जागी सुमारे २५,६६७ घरे व्हावयाची. खर्चाचा अंदाज ३२,८३५ कोटी रुपये, आणि तो नौरोजीनगर व सरोजिनीनगरचा काही भाग येथील व्यापारी जागा विकून भागवावयाचा. हे आकडे वर्तमानपत्रांत आले. आपल्या मंडळातही त्यांची चर्चा झाली, आणि मला आठवते तिच्याप्रमाणे ती एकाच प्रश्नाभोवती फिरली : नव्या घरांत टाइप चार किती असतील?

पुढे जून २०१८ मध्ये झाडांचा प्रश्न उभा राहिला. ह्या वसाहतींतून सुमारे साडेसोळा हजार झाडे जाणार असे आकडे पुढे आले. लोक सरोजिनीनगरात आले आणि झाडांना कवेत घेऊन उभे राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने तोड थांबवली. एका झाडामागे दहा रोपे लावण्याचा नियम दाखवला गेला, पण साठ वर्षांच्या कडुनिंबाखाली इस्त्रीचे टेबल मावते, रोपाखाली मावत नाही, हे सांगायला नियमावलीत रकाना नव्हता. ज्यांनी झाडे कवटाळली त्यांत विद्यार्थी होते, वकील होते, दूरच्या वस्त्यांतून आलेल्या गृहिणी होत्या. त्या वसाहतीत राहणारे आम्ही फार थोडे होतो. मी तर नव्हतोच. मी गच्चीवर उभा राहून पाहत होतो, आणि हातात पर्यायी घराच्या अर्जाची प्रत होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत कोणी विचारले, तेव्हा मी म्हणालो, "आपले काय, आपण आज इथे, उद्या तिथे." हे वाक्य मी नेमके त्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडून शिकलो होतो.

वर्षभराने रिकामे करण्याचे पत्र आले, आणि आम्ही रामकृष्णपुरमला आलो. सामान टेंपोत चढवताना आजींनी मुलीच्या हातात मटाराच्या शेंगा दिल्या. त्या कुठे गेल्या ते मला ठाऊक नाही. इस्त्रीवाला कुठे गेला, तेही नाही. बारा महिने त्याच्या हातचे कपडे घालून कचेरीत गेलो, आणि त्याचे गाव मी कधी विचारले नव्हते.

ह्यावर कोणी म्हणेल, "मग जुन्या ओल आलेल्या घरांतच राहावे की काय?" हा आक्षेप रास्त आहे, आणि मी स्वतः साडेतीन वर्षे यादीत रखडलो असल्याने त्याला हसण्यावारी नेणार नाही. घरे कमी आहेत. ती वाढली पाहिजेत. जुन्या वस्तीचे गोडवे गाणारे बहुधा तिथे राहत नसतात. मुंबईच्या बीडीडी चाळींचेच पाहा. १९२० नंतर बांधलेल्या त्या २०७ इमारतींवर आपण किती लेख लिहिले! पण १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या आणि मजल्याच्या टोकाला सामाईक शौचालय, हे ज्यांनी भोगले त्यांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले असेल, तर ते चाळीच्या विरहाचेच होते असे समजणे हा घरबसल्या कादंबरी वाचणाऱ्यांचा उद्दामपणा होय.

माझे म्हणणे एवढेच, की घरे वाढवायची म्हणजे ती आकाशातच न्यावी लागतात, हे कोणी सिद्ध केले आहे? ह्याच दिल्लीत राज रेवाल ह्यांनी १९८२ च्या आशियाई खेळांसाठी एशियाड व्हिलेज बांधले. गल्ल्या, अंगणे, वरून जाणारे सज्जे, दाट वस्ती, आणि तरी माणूस जमिनीच्या हाकेच्या अंतरावर. चार्ल्स कोरिया ह्यांनी तारा अपार्टमेंट्स त्याच विचाराने रचली, आणि बुटकी पण दाट वस्ती हाच आपल्या हवेला आणि खिशाला मानवणारा मार्ग, असे ते जन्मभर सांगत राहिले. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे १९५५ पासून दिल्लीत आपली कचेरी मांडून होते, आणि आयआयटी कानपूरच्या रचनेत सावली, वारा आणि चालण्याची वाट ह्यांचा विचार कसा करावा हे त्यांनी करून दाखवले. त्यांचे नाव मराठी मंडळाच्या किती व्याख्यानमालांत निघाले? आपण मात्र दरवर्षी 'पुणेरी पाट्या' ह्या विषयावर वक्ता बोलावतो.

नव्या मनोऱ्यांतले एक घर मी पाहून आलो. तिथे राहणारे माझे सहकारी आहेत. घर उत्तम आहे, ओल नाही, दार लागते. मी त्यांना विचारले, "शेजारी कोण?" ते म्हणाले, "लिफ्टमध्ये दिसतात कधी कधी." खाली मोटारींचा थर, त्यावर हिरवळ, हिरवळीवर 'चालू नये' अशी पाटी. इस्त्रीचे कपडे गेटावर द्यावे लागतात. डिसेंबरचे ऊन समोरच्या मनोऱ्याच्या सावलीतून दुपारी दीड तास मिळते, आणि त्या वेळी सर्व जण कचेरीत असतात. त्यांच्या पत्नीने सांगितले, "भावोजी, इथे सगळे आहे, पण खाली कशासाठी उतरायचे तेच कळत नाही." नगररचनेवरील पुष्कळ परिसंवादांत मला हे इतक्या थोड्या शब्दांत ऐकायला मिळालेले नाही.

मनोरा बांधणाऱ्याला हे कोण सांगणार होते? राहणाराच. पण सरकारी घरात राहणारा कायद्याने भाडेकरूसुद्धा नव्हे. तो भाडे देत नाही, 'लायसन्स फी' देतो. तो परवानाधारक आहे, म्हणून त्याला विचारण्याची कोणावर सक्ती नाही. हे खरे. तथापि ज्याला विचारले जात नाही त्याने बोलूच नये, असाही कुठे नियम नाही. बंगाली कारकून राजधानीबरोबर कलकत्त्याहून आला, त्याने मंदिर मार्गावर कालीबाडी उभी केली, आणि पुढे पूर्व बंगालातून विस्थापित झालेल्या बंगाल्यांनी चित्तरंजन पार्क वसवले. मद्रासकडचे कारकून सिमला आणि दिल्ली ह्यांच्यामध्ये दर वर्षी हेलपाटे घालत असता त्यांनी १९२३ साली आपल्या मुलांसाठी शाळा काढली, आणि तिच्या आज सात शाळा आहेत. आपल्याकडेही पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. ज्यांनी ते उभारले त्यांनी दिल्लीला ऑफिस म्हटले नसणार. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, ते आपण अभिमानाने सांगतो. पण तेच चिंतामणराव दिल्लीतून तोंड फिरवून गेले नाहीत. इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक-अध्यक्ष झाले, आणि लोदी बागेच्या कडेला जोसेफ स्टाइन ह्यांची ती बुटकी, झाडांत दडलेली वास्तू १९६२ मध्ये उघडली. राजीनामा देणाऱ्याने शहराला एक अंगण दिले. आपण राजीनामाही देत नाही आणि अंगणही मागत नाही.

आता ते वडीलधारे गृहस्थ येत्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांनी पुण्याबाहेर हिंजवडीकडे एक फ्लॅट घेतला आहे, चौदाव्या मजल्यावर. मी अभिनंदन केले आणि सहज विचारले, "वाडा नाही पाहिलात?" ते माझ्यावर रागावले, आणि तो राग त्यांनी अद्याप सोडलेला नाही. त्यांचा अनादर करण्याचा माझा हेतू नव्हता. त्यांच्या वयाचा मी होईन तेव्हा कदाचित मीही चौदावा मजलाच घेईन.

तूर्त मी एवढेच केले आहे. आमच्या रामकृष्णपुरमच्या गल्लीतील झाडे दोन रविवारी मोजली. अकरा कडुनिंब, चार जांभळी, दोन शिसव, एक पिंपळ, आणि एक शेवगा. शेवगा कोणी तमिळ बिऱ्हाडाने लावला असावा, आणि त्याच्या शेंगा सर्व जण नेतात. कोणत्या झाडाखाली कोण बसते, तेही लिहिले आहे : चांभार, इस्त्रीवाली, दुपारी पत्ते खेळणारे चालक, आणि संध्याकाळी चार म्हाताऱ्या. ह्या वेळी प्रत्येकाचे गाव विचारून घेतले. ही यादी पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर यावी म्हणून मी मंडळाच्या चिटणिसांकडे दिली आहे. ती सांस्कृतिक ह्या सदरात घ्यावी की किरकोळ ह्या सदरात, असे त्यांनी मला लेखी विचारले आहे.